मुरलेले चीज आणि तोंडाची खाज



मंडळाच्या जेवणावळीत पूर्वी बटाटेवडे, मसालेभात आणि श्रीखंड एवढाच थाट असे. आता त्यांच्या शेजारी चीजची थाळीही दिसते. त्यात चेडर असते, स्विस असते, गौडा असते आणि एखादा हौशी यजमान निळ्या बुरशीचे रोकफोरही आणून ठेवतो. मुलांना तर शाळेच्या डब्यापासून पिझ्झापर्यंत रोजच चीज लागते. आणि मग कधीतरी कोणीतरी म्हणते, "हे खाल्लं की जीभ चुरचुरते", "ओठांना मुंग्या येतात", "टाळूला खाज सुटते".

यावर आपल्या घरांत साधारण दोन प्रकारची उत्तरे मिळतात. एक म्हणजे "नाटकं करू नकोस, खा मुकाट्याने". दुसरे म्हणजे "याला दूध सोसत नाही, आजपासून दूध, दही, पनीर सगळं बंद!" दोन्ही उत्तरे घाईची आहेत. पहिल्याने एखादी खरी अ‍ॅलर्जी नजरेआड होते आणि दुसऱ्याने वाढत्या वयातल्या मुलाचा चांगला आहार विनाकारण कमी होतो. म्हणून या तक्रारीमागची कारणे एकत्र मांडण्याचे आम्ही ठरवले. आम्ही डॉक्टर नाही, शिक्षणाने इंजिनियर आणि पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरवाले आहोत. तेव्हा ही माहिती समजून घेण्यासाठी वाचावी, उपचार मात्र डॉक्टरांच्याच सल्ल्याने करावेत.

आधी आपल्या ओळखीची खाज

तोंड खाजणे आपल्याला नवीन नाही. अळू नीट शिजले नाही की घसा खाजतो, सुरणाचेही तेच. त्याचे कारण म्हणजे त्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक. ते तोंडाच्या अस्तराला अक्षरशः टोचतात. म्हणून तर आपल्या आज्या अळूत चिंच किंवा आमसूल घालत आणि भरपूर शिजवत.

जुन्या पार्मेझानमध्ये किंवा गौडामध्येही दाताखाली करकरणारे पांढरे कण लागतात. ते पाहून अनेकांना वाटते की हेच टोचत असणार. पण तसे नाही. ते कण बहुधा टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लाचे असतात. चेडरवर दिसणारा पांढरा थर बऱ्याचदा कॅल्शियम लॅक्टेटचा असतो. दोन्ही निरुपद्रवी आहेत. ते कण म्हणजे चीज चांगले मुरल्याची खूणच. मात्र त्या मुरण्याच्या प्रक्रियेतच आपल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे.

चीज मुरते म्हणजे काय होते?

गायीच्या दुधात साधारण सव्वातीन टक्के प्रथिने असतात आणि त्यातला सुमारे ८० टक्के भाग केसीन या प्रथिनाचा असतो. दुधाला विरजण आणि रेनेट लावले की केसीनचे दही बांधले जाते. ते कापून, पाणी काढून, दाबून, मीठ लावून ठेवून देतात. पनीर आपण आंबट घालून फाडतो आणि त्याच दिवशी खातो. चीज मात्र थंड खोलीत महिनोन्‌महिने ठेवले जाते. इटलीतले पार्मिजानो-रेजानो किमान १२ महिने मुरवावे लागते, अनेकदा २४ किंवा ३६ महिनेही. फ्रान्सच्या रोकफोरला किमान ९० दिवस लागतात.

या काळात चीजमधले जिवाणू आणि एन्झाइम स्वस्थ बसत नाहीत. ते केसीनच्या लांबलचक साखळ्या तोडून तुकडे करतात आणि तुकड्यांची पुढे सुटी अमिनो आम्ले होतात. मुरलेल्या चीजची खमंग चव यातूनच येते. लोणचे मुरते तसेच हे, फक्त रसायन वेगळे.

या अमिनो आम्लांपैकी एक आहे हिस्टिडिन. काही जिवाणूंकडे असे एन्झाइम असते की ते हिस्टिडिनमधून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू काढून टाकते. उरते ते हिस्टामिन. त्याच पद्धतीने टायरोसिनपासून टायरामिन तयार होते. मुरण्याचा काळ जास्त, तापमान जास्त, दुधाची स्वच्छता कमी, आणि नको ते जिवाणू हजर, असे जुळून आले की हिस्टामिन वाढते. म्हणूनच एकाच नावाच्या, एकाच दिसण्याच्या दोन तुकड्यांत त्याचे प्रमाण फार वेगळे असू शकते. किलोमागे काही मिलिग्रॅमपासून हजार मिलिग्रॅमच्याही वर, इतका हा फरक असतो. "मागच्या वेळी हेच चीज खाल्लं तेव्हा काही झालं नव्हतं" असे कोणी म्हणाले तर ते खोटे बोलत असतील असे नाही!

हिस्टामिन तोंडात काय करते?

हिस्टामिन हा परका पदार्थ नाही. आपले शरीर स्वतःच ते तयार करून मास्ट पेशी नावाच्या पेशींमध्ये साठवून ठेवते. डास चावला की जी गांधी उठते आणि खाज सुटते, ती याच हिस्टामिनची करामत. ते मज्जातंतूंच्या टोकांना चेतवते, बारीक रक्तवाहिन्या फुगवते, आणि त्यामुळे खाज, लाली, उष्णता आणि सूज येते.

हिस्टामिन अन्नातूनच आले तरी परिणाम याच जातीचा होतो. कोकणातल्या मंडळींना हे चटकन पटेल. बांगडा किंवा त्याच कुळातला ट्यूना नीट थंड ठेवला नाही की त्यात हिस्टामिन साठते. असा मासा खाणारे सांगतात की तो तिखट लागला, तोंड चरचरले, मग चेहरा लाल झाला आणि अंगावर पित्त उठले. चीजनेही क्वचित असे होते. १९६७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी गौडा चीजमुळे झालेल्या हिस्टामिन-विषबाधेची नोंद केली. अमेरिकेतही अशी घटना घडली आहे. त्या विषबाधेला कारण ठरलेल्या स्विस चीजमधून हिस्टामिन बनवणारा लॅक्टोबॅसिलस बुखनेरी हा जिवाणू वेगळा काढल्याचे संशोधन १९८५ साली प्रसिद्ध झाले.

मग सगळ्यांना त्रास का होत नाही? कारण आपल्या आतड्यात डायअमिन ऑक्सिडेज नावाचे एन्झाइम असते, ते अन्नातले हिस्टामिन मोडून टाकते. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ साली दिलेल्या मतानुसार निरोगी माणसाला एका जेवणात ५० मिलिग्रॅमपर्यंत हिस्टामिनने त्रास होणे अपेक्षित नाही. आता हिशेब करून पाहू. चीजचा एक औंसाचा तुकडा म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. त्यात किलोमागे १०० मिलिग्रॅम हिस्टामिन असेल तर पोटात जाते २.८ मिलिग्रॅम. किलोमागे १००० असेल तर २८ मिलिग्रॅम. म्हणजे बहुतेकांना तुकडाभर चीज सहज पचते. पण ज्यांच्यात हे एन्झाइम कमी पडते, त्यांच्यासाठी ही मर्यादा फारच खाली येते. याला हिस्टामिन इनटॉलरन्स म्हणतात. त्याबद्दल डॉक्टरांत अजून मतभेद आहेत आणि त्याचे खात्रीने निदान करणारी एकही रक्तचाचणी आजही उपलब्ध नाही, हे लक्षात ठेवावे. इंटरनेटवर महागड्या चाचण्या विकणारे पुष्कळ आहेत!

आणखी एक गोष्ट. हिस्टामिन कधी एकटे येत नाही. वाइनमध्ये ते असते, शिवाय अल्कोहोलमुळे ते मोडण्याच्या कामातही अडथळा येतो. टोमॅटो, पालक आणि वांगे यांतही ते नैसर्गिकरीत्या असते. "मला वांगं खाजतं" म्हणणारे एक तरी काका आपल्या प्रत्येक कुटुंबात असतात, त्यांच्या तक्रारीत तथ्य असू शकते. तेव्हा पार्टीत भरली वांगी, रेड वाइन आणि जुने चेडर एकाच ताटात आले तर दोष एकट्या चीजला देऊ नये.

खरी अ‍ॅलर्जी: लक्षण तेच, कारण वेगळे

आमच्या कामात एक गोष्ट रोज दिसते. स्क्रीनवरचा एरर मेसेज एकच असतो, पण तो देणाऱ्या चुका वेगवेगळ्या असतात. इथेही तसेच आहे. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या व्यक्तीत रोगप्रतिकारयंत्रणा केसीनला शत्रू समजते. आयजीई नावाची प्रतिपिंडे मास्ट पेशींना इशारा देतात आणि त्या स्वतःजवळचे हिस्टामिन सोडतात. म्हणजे खाज हिस्टामिनचीच, पण ते चीजमधून आलेले नाही, शरीरातून सुटलेले आहे. पहिल्या प्रकारात त्रास प्रमाणावर अवलंबून असतो: लहान तुकड्याने काही होत नाही, मोठ्याने होते. अ‍ॅलर्जीत मात्र चिमूटभरही पुरते आणि ताजे पनीर, दूध, खवा यांनीही त्रास होतो.

हे दुखणे हलके घेण्यासारखे नाही. तोंडाची खाज ही कधीकधी मोठ्या प्रतिक्रियेची केवळ सुरुवात असते. हा प्रकार लहान मुलांत जास्त आढळतो. बरीच मुले वाढत्या वयात त्यातून बाहेर पडतात, पण ते तपासण्याचे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. "थोडं थोडं दिलं की सवय होईल" हा घरगुती प्रयोग कृपया करू नका. मुलाला अ‍ॅलर्जी असल्यास तुपाबद्दलही डॉक्टरांना विचारावे, कारण कढवलेल्या तुपातही प्रथिनांचा अंश राहू शकतो.

याशिवाय काही कमी माहितीची कारणे:

१. शेळी-मेंढीचे दूध. काही लोकांना गायीचे दूध उत्तम चालते, पण शेळी-मेंढीच्या दुधाची तीव्र अ‍ॅलर्जी असते. रोकफोर, पेकोरिनो, मांचेगो ही मेंढीच्या दुधाची चीज आहेत. फेटाही पारंपरिक पद्धतीने मेंढीच्या दुधाचेच, फार तर त्यात शेळीचे दूध मिसळलेले असते. आपल्याकडे मेंढीचे दूध सहसा कोणी पीत नाही, त्यामुळे ही अ‍ॅलर्जी परदेशात आल्यावरच उघडकीस येऊ शकते.

२. अंडे. हो, चीजमध्ये अंडे! ग्राना पादानोसारख्या काही चीजमध्ये अंड्याच्या पांढऱ्यातून काढलेले लायसोझाइम घालतात. पार्मिजानो-रेजानोमध्ये ते घालण्याची परवानगी नाही. अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आणि अंडे न खाणाऱ्यांनीही लेबल वाचावे. शाकाहारी मंडळींनी हेही जाणून असावे की पार्मिजानो-रेजानोत वासराच्या पोटातले रेनेट वापरतात.

३. बुरशी. निळ्या चीजमधली बुरशी पेनिसिलियम रोकफोर्टी. नावावरून पेनिसिलिनची आठवण येते, पण ते औषध वेगळ्या जातीच्या पेनिसिलियमपासून मिळते. त्यामुळे पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे म्हणून निळे चीज वर्ज्य, असे समीकरण नाही. बुरशीचीच अ‍ॅलर्जी असलेल्यांना मात्र क्वचित त्रास होऊ शकतो.

४. चीजचे सोबती. थाळीत चीजबरोबर सफरचंद, अक्रोड, बदाम असतात. बर्च झाडाच्या परागकणांची अ‍ॅलर्जी असलेल्यांना कच्चे सफरचंद खाल्ल्यावर तोंडाला खाज येणे फार प्रसिद्ध आहे, कारण दोन्हींतली काही प्रथिने सारखी असतात. भारतात कधी शिंक न आलेल्या माणसालाही इथे काही वर्षांनी वसंत ऋतूत डोळे-नाक वाहण्याचा त्रास सुरू होतो. अशांनी चीजवर आरोप करण्याआधी सफरचंदाची चौकशी करावी.

५. साधी चुरचुर. मीठ, आंबटपणा आणि मुरताना सुटलेली मेदाम्ले यांनीही जीभ चुरचुरते. तोंड आले असेल तर अधिकच.

लॅक्टोजचा गैरसमज

आपल्यापैकी अनेकांना मोठेपणी दूध पचत नाही. पोट फुगते, गुडगुडते. हे दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचल्याने होते आणि ते पोटाचे दुखणे आहे. त्याने तोंड खाजत नाही. उलट मुरलेल्या चेडर किंवा पार्मेझानमध्ये लॅक्टोज जवळजवळ उरतच नाही, जिवाणूंनी ते आधीच फस्त केलेले असते. म्हणजे ज्यांना दूध पचत नाही त्यांना जुने चीज बहुधा चालते, आणि ज्यांचे तोंड जुन्या चीजने खाजते त्यांना ताजे दूध चालू शकते. तोंड खाजते म्हणून लॅक्टोज-विरहित दूध आणणे हा उपाय नाही. अ‍ॅलर्जी असेल तर त्या दुधातही केसीन असतेच.

क्षयाच्या गोळ्या आणि चीज: हा भाग अवश्य वाचा

भारतातून येणाऱ्यांपैकी अनेकांच्या क्षयाच्या चाचणीचा निकाल इथे पॉझिटिव्ह येतो. लहानपणच्या बीसीजी लशीमुळे त्वचेवरची चाचणी चुकीची पॉझिटिव्ह येऊ शकते, रक्ताच्या चाचणीवर त्या लशीचा परिणाम होत नाही. सुप्त क्षयाचे निदान झाले की डॉक्टर प्रतिबंधक औषध देतात. त्यांपैकी एक जुने औषध आहे आयसोनायझिड. ते सहा किंवा नऊ महिने रोज घेतात, किंवा दुसऱ्या औषधाच्या जोडीने तीन महिने आठवड्यातून एकदा. फक्त रिफॅम्पिनच्या चार महिन्यांच्या उपचारात मात्र ते नसते.

आयसोनायझिड हे हिस्टामिन आणि टायरामिन मोडणाऱ्या एन्झाइमांच्या कामात अडथळा आणते. त्यामुळे ते घेत असताना मुरलेले चीज, रेड वाइन किंवा ट्यूना खाल्ल्यास चेहरा लाल होणे, खाज, डोकेदुखी, घाम, छातीत धडधड असा त्रास होऊ शकतो. औषधाच्या माहितीपत्रकात ही सूचना असते, पण ते बारीक अक्षर वाचतो कोण! असा त्रास झाल्यास मनाने गोळ्या बंद करू नका. डॉक्टरांना किंवा फार्मसिस्टला फोन करा. बहुतेक वेळा ते पदार्थ तेवढ्या काळापुरते टाळायला सांगतात.

नैराश्यावरच्या एमएओ इन्हिबिटर गटातल्या जुन्या औषधांबाबत तर हे पथ्य फारच कडक आहे. टायरामिनने खाज येत नाही, रक्तदाब मात्र एकदम चढतो. १९६३ साली लंडनमध्ये बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टरने ही औषधे घेणाऱ्यांची भयंकर डोकेदुखी आणि चीज यांचा संबंध दाखवून दिला. त्याला सुरुवातीला अनेकांनी हसण्यावारी नेले होते. नॉटिंगहॅमच्या एका फार्मसिस्टने मात्र आपल्या पत्नीला चीज खाल्ल्यावर होणारा त्रास पत्राने कळवला आणि तिथूनच धागा मिळाला. घरातल्या माणसाची तक्रार नीट ऐकून लिहून ठेवली तर केवढा उपयोग होतो, त्याचे हे उत्तम उदाहरण.

मग करायचे काय?

- वही ठेवा. काय खाल्ले, किती, सोबत काय होते, किती मिनिटांनी काय झाले, कोणते औषध चालू आहे, हे दोन-तीन आठवडे लिहा. डॉक्टरांकडे जाताना ही नोंद सोन्याच्या मोलाची ठरते.
- त्रास सौम्य आणि फक्त तोंडापुरता असला तरी ते चीज थांबवा आणि डॉक्टरांची वेळ घ्या. त्वचेवरची चाचणी आणि आयजीईची रक्तचाचणी यांतून खऱ्या अ‍ॅलर्जीचा तपास होतो.
- अ‍ॅलर्जी नाही असे ठरल्यावर ताजी चीज वापरून पाहता येतात: पनीर, रिकोटा, क्रीम चीज, ताजे मोझरेला. ती मुरवलेली नसल्याने त्यात हिस्टामिन सहसा कमी असते.
- शिजवून उपयोग नाही. हिस्टामिन उष्णतेने नष्ट होत नाही, त्यामुळे पिझ्झ्यावर भाजलेले पार्मेझानही तेवढेच. फ्रीझरमध्ये ठेवल्याने नवीन तयार होणे मंदावते, आधीचे जात नाही.
- चीज फ्रिजमध्ये ४ अंश सेल्सियस किंवा त्याखाली ठेवा आणि बाहेर काढलेली थाळी चार-चार तास टेबलावर ठेवू नका.
- लेबल वाचा. अमेरिकेत १ जानेवारी २००६ पासून दूध, अंडी, काजू-बदामासारखे दाणे यांसह आठ प्रमुख अ‍ॅलर्जीकारक पदार्थ पाकिटावर लिहिणे सक्तीचे आहे, १ जानेवारी २०२३ पासून तिळाचीही भर पडली आहे.

केव्हा एक क्षणही थांबू नये

ओठ किंवा जीभ सुजणे, आवाज घोगरा होणे, श्वासाला घरघर, वारंवार उलट्या, अंगभर पित्त, चक्कर, मूल एकदम मलूल होणे, यांपैकी काहीही दिसले तर ही अ‍ॅनाफिलॅक्सिस असू शकते. अमेरिकेत ९११ ला फोन करा. एपिनेफ्रिनचे इंजेक्शन घरात असेल तर ताबडतोब मांडीत द्या. २०२४ पासून अमेरिकेत त्याचा नाकात मारण्याचा फवाराही मिळतो. रुग्णाला आडवे झोपवा, चालवू नका. श्वासाचा त्रास असेल तर बसू द्या.

अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावण्याची आपली जुनी पद्धत आहे. साध्या पित्ताला त्याने बरे वाटत असेल तर लावावे. पण घसा सुजत असताना आमसूल शोधण्यात वेळ घालवू नये. सेटिरिझिनसारखी अ‍ॅलर्जीची गोळीसुद्धा अशा वेळी एपिनेफ्रिनची जागा घेऊ शकत नाही.

भारतातून आजी-आजोबा इथे येतात, नातवंडांना प्रेमाने भरवतात. मुलाला अ‍ॅलर्जी असेल तर त्यांना रागावून नव्हे, समजावून सांगा. इंजेक्शन कुठे ठेवले आहे ते दाखवा आणि ९११ चा आकडा फ्रिजवर मोठ्या मराठी अक्षरांत लिहून ठेवा. मंडळाच्या कार्यक्रमांना पदार्थ आणताना त्यात काय काय आहे याची एक छोटी चिठ्ठी शेजारी ठेवण्याची पद्धतही आपण सुरू करूया. काम दोन मिनिटांचे आहे, पण कोणाच्या तरी घरची मोठी काळजी त्याने मिटेल.